ग्रॅज्युएशनच्या दिवशी निरोप घ्यायला वेळ नसतो, तो आधीच घेऊन ठेवा

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे खालचं नाही वाचलंत तरी चालेल. इथे अमेरिकेत बारावी संपली की शाळेचं ग्रॅज्युएशन असतं, आणि त्या दिवशी हायस्कूलचा निरोप घेता येत नाही. त्या दिवशी तुम्ही गाऊन सांभाळत असता, टोपी डोक्यावर टिकत नसते, आई फोटोसाठी हाका मारत असते, मैदानावर ही गर्दी, आणि जिला शेवटचं नीट भेटायचं असतं ती मैत्रीण कधीच पार्किंगमध्ये पोचून गाडीत बसलेली असते. निरोप जो काय घ्यायचा तो त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत, एकेकाला गाठून, शाळेची घंटा अजून आपल्यासाठी वाजतेय तोवर.

मी नववीत असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आले, 2019 ला इथल्या हायस्कूलमधून बाहेर पडले, आणि निरोपाच्या बाबतीत जे जे म्हणून चुकवता येईल ते सगळं चुकवलं. यंदा धाकटा भाऊ सीनियर आहे, म्हणजे बारावीत. त्याला तोंडी सांगण्यात अर्थ नाही, कानात चोवीस तास इअरबड्स, म्हणून लिहूनच काढते, इथल्या बाकीच्या मराठी पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही उपयोग होईल.

गंमत बघा, इथे शाळेत पहिल्या येणाऱ्याला व्हॅलेडिक्टोरियन म्हणतात. शब्द लॅटिनमधून आलाय आणि मुळात त्याचा अर्थ निरोप घेणारा असाच आहे. म्हणजे एवढ्या सगळ्या पोरांच्या वतीने एकच जण माइकसमोर उभा राहून निरोप घेतो आणि बाकीचे उन्हात बसून भाषण कधी आटपतंय याची वाट बघत बसतात. आपला निरोप त्याच्यावर सोपवू नका.

आधी कॅलेंडर घेऊन बसा

ग्रॅज्युएशन कुठे मे महिन्यात असतं, कुठे जूनच्या शेवटी, राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्टप्रमाणे, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेप्रमाणे बदलतं. पण ती तारीख बघून "अजून बराच वेळ आहे" म्हणू नका, कारण सीनियर्सचा शेवटचा दिवस बऱ्याच शाळांत बाकीच्यांच्या आधी असतो. त्यात मेचे पहिले दोन आठवडे एपीच्या, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या परीक्षा, मग प्रॉम, म्हणजे शाळेची नाचाची पार्टी, मग प्रॉमच्या दुसऱ्या दिवशीची झोप, मग सगळे मिळून दांडी मारतात तो सीनियर स्किप डे, मग ग्रॅज्युएशनची रंगीत तालीम. हे सगळं वजा करून आपण खरोखर शाळेच्या इमारतीत किती दिवस आहोत ते मोजा. मी भावाला बसवून मोजायला लावले तर सतरा निघाले, त्याला वाटत होतं दीड महिना आहे. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग फोनमध्ये एक यादी करा. वर्गातल्या सगळ्यांची नको, ज्यांना न भेटता गेलो तर नंतर कधीतरी रात्री आठवून चुटपुट लागेल अशा माणसांची. पाच-सहा, फार तर दहा. आणि त्यात फक्त मित्रमैत्रिणी आणि आवडते टीचर असतील तर यादी पुन्हा करा. रोज उशीर झाला की लेट पास लिहून देणारी फ्रंट ऑफिसमधली बाई, लायब्रेरियन, पोटात दुखतंय म्हणून गेलं की न बोलता बिछाना दाखवणारी नर्स, संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर जिमचं दार पुन्हा उघडून देणारा कस्टोडियन, म्हणजे शाळेची साफसफाई बघणारा, बसचा ड्रायव्हर. बसवाल्याचं तर विशेष लक्षात ठेवा, कारण लायसन्स मिळालं की बस सुटते आणि ज्याने दोन-तीन वर्षं थंडीत दार उघडं धरून आपली वाट बघितली त्याला आपण शेवटचं कधी बघितलं तेही आठवत नाही. एखाद्या सकाळी मुद्दाम बसने जा. उतरताना नाव घेऊन थँक यू म्हणा आणि हे माझं शेवटचं वर्ष आहे असं सांगा, बास, एवढंच. या लोकांना पत्रबित्र नको असतं, दोन मिनिटं थांबून बोललं तरी पुष्कळ.

टीचरना पत्र, आणि ते आधीच

आता माझी चूक ऐका. इथे आले तेव्हा पहिलं वर्ष मला ज्या टीचरने इंग्रजी शिकवलं, म्हणजे बाहेरून आलेल्या मुलांचा जो वेगळा वर्ग असतो त्या वर्गाची टीचर, तिच्या खोलीत मी रोज लंचला डबा घेऊन बसायचे. कॅफेटेरियात कुणाच्या टेबलावर बसायचं हा प्रश्नच नको म्हणून. ती मला काही विचारायची नाही, तिचे पेपर तपासत बसायची, आणि मधेच उठून फळ्याच्या कोपऱ्यात एखादा शब्द लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो शब्द मी वापरून दाखवायचा असा न ठरवता ठरलेला खेळ होता. वर्षभरात तो कोपरा कधी रिकामा दिसला नाही. चार वर्षांनी मला वाटलं की शेवटच्या दिवशी जाऊन हे सगळं बोलू, एकदम छान होईल, शेवटचा दिवस, रिकामा वर्ग वगैरे. डोक्यात सीन तयार होता. आणि शेवटच्या दिवशी ती दुसऱ्या इमारतीत कुठल्या तरी परीक्षेवर सुपरव्हिजनला होती, दाराला कुलूप. मी थोडा वेळ काचेतून आत बघितलं आणि निघून आले.

म्हणून पत्र लिहा आणि शेवटच्या आठवड्याच्या आधी हातात द्या. हाताने लिहिलेलं. अर्धं पान पुरतं. "तुम्ही माझे फेव्हरिट टीचर आहात, सगळ्यासाठी थँक्स" हे असलं नको, ते कुणीही कुणालाही लिहू शकतं. एकच प्रसंग घ्या जो त्यांना बहुतेक आठवतही नसेल. "अकरावीत लॅब रिपोर्ट मी तीनदा परत आणला आणि तिन्ही वेळा तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात" एवढं एक वाक्य पानभर कौतुकाला भारी पडतं. मग त्याने तुमचं काय बदललं ते, आणि आता तुम्ही कुठे चाललाय ते. ही शेवटची ओळ ज्यांनी कॉलेजसाठी रेकमेंडेशन लेटर लिहून दिलं त्यांच्यासाठी तर हवीच हवी. त्या लोकांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरी बसून ढिगाने पत्रं लिहिलेली असतात, आणि पोरं नंतर कुठल्या कॉलेजला गेली हे त्यांना कुणी सांगायलाच जात नाही. मला तरी हे फार वाईट वाटतं.

गिफ्टचं डोक्यात घेऊ नका. महागड्या भेटी घेण्यावर बऱ्याच डिस्ट्रिक्टचे नियम असतात, टीचरचीच पंचाईत होते. आणि आयांनो, कृपा करून पोरासाठी पत्र तुम्ही लिहून देऊ नका, कळतं ते लगेच.

इअरबुक

इअरबुक, म्हणजे शाळेचं वर्षभराच्या फोटोंचं पुस्तक, हातात आलं की पहिल्या दोन दिवसांत सगळे एकमेकांच्या पानांवर "हॅव अ ग्रेट समर" लिहीत सुटतात. चार वर्षं शेजारी बसलेली पोरगी आणि लिहिलंय काय तर उन्हाळा मजेत घालव. माझ्या इअरबुकात असे निदान तीस आहेत, आज बघते तर सह्या कुणाच्या तेही ओळखू येत नाही.

काय लिहायचं ते सुचत नसेल तर पुन्हा तेच, एक प्रसंग, तोही फक्त तुम्हा दोघांनाच कळेल असा, आणि खाली पूर्ण नाव. पूर्ण नाव हसण्यासारखं वाटेल पण वीस वर्षांनी नुसत्या "एम" वरून काय कळणार. ज्यांच्यासाठी मोठं लिहायचंय त्यांना सांगा की रात्रीसाठी इअरबुक दे, हॉलवेत भिंतीला टेकून कुणाच्या तरी पाठीवर इअरबुक धरून लिहिलेलं घाईत लिहिलेलंच वाटतं. जाड मार्कर वापरू नका, पानाच्या मागे उमटतो आणि नेमका कुणाच्या तरी तोंडावर. जेल पेन गुळगुळीत कागदावर फासतं. साधं बारीक टोकाचं बॉलपेन बेस्ट.

ज्या मित्राशी वाजलंय त्याचं काय? याबद्दल माझं मत असं की जबरदस्तीने गळाभेट करू नका, पण एक दोन ओळींचा मेसेज टाकून ठेवा, ग्रॅज्युएशनच्या आधी. "आपलं दहावीत जे झालं त्यात माझंही चुकलं होतं, तुला पुढे सगळं छान मिळो." उत्तर आलं तर आलं. नाही आलं तर पाठलाग करायचा नाही, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्यांना दाखवायचा तर अजिबातच नाही. आणि भांडणात समोरच्याने खरोखर त्रास दिला असेल, बुली केलं असेल, तर मेसेजही नको, काही लोकांचा निरोप न घेणं हाच निरोप.

जवळच्यांशी "टच मध्ये राहू" यावर विश्वास ठेवू नका. सगळे मनापासूनच म्हणतात आणि ऑगस्टमध्ये सगळे पांगतात. त्यापेक्षा एक ठोस काहीतरी ठरवा, नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळे घरी येणारच असतात, त्या शुक्रवारी भेटायचं, कुणाच्या घरी तेही आत्ताच ठरवा.

ज्युनियर्स, म्हणजे खालच्या वर्गातली पोरं, राहिलेच. क्लबचे पासवर्ड, इन्स्टाचं अकाउंट, कपाटाची किल्ली, कुठल्या टीचरची सही कशी मिळवायची हे सगळं शांतपणे बसून द्या. त्यांच्यासाठी निरोप म्हणजे हाच.

शाळेचं अकाउंट, याकडे नीट लक्ष द्या

हे भावनिक नाही पण मी यावरच रडले होते, म्हणून सविस्तर. शाळेचं ईमेल अकाउंट ग्रॅज्युएशननंतर बंद होतं. कुठे उन्हाळाभर ठेवतात, कुठे काही दिवसांतच उडवतात. माझं जुलैत एका सकाळी लॉगिनच होईना. चार वर्षांचे निबंध, मैत्रिणींबरोबर रात्री दोन वाजता गूगल डॉकमध्ये कमेंट्समधून मारलेल्या गप्पा, सायन्स प्रोजेक्टचे व्हिडिओ, सगळं गेलं. ऑफिसला फोन केला, ते म्हणाले सॉरी. त्यांचं तसं चुकलं नव्हतं, मेल आधी आला होता म्हणे, पण शाळेचा मेल ग्रॅज्युएशननंतर उघडतंय कोण.

तर गूगलचं अकाउंट असेल तर त्यात टेकआउट म्हणून सोय आहे, सगळं डाउनलोड होतं, आणि शाळेच्या अकाउंटवरून थेट स्वतःच्या अकाउंटवर सगळं हलवायची वेगळी सोयही आहे, शाळेने ती बंद करून ठेवली नसेल तर. वेळ लागतो, एका रात्रीत होईलच असं नाही, त्यामुळे मेच्या सुरुवातीलाच लावून द्या. कुणीतरी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइल्स यात येतीलच असं धरून चालू नका, त्यांची वेगळी कॉपी काढा.

आणि मग जिथे जिथे शाळेचा ईमेल टाकलाय तिथे स्वतःचा टाका. एपीच्या परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड सगळ्यात आधी, एपीचे मार्क जुलैमध्ये येतात आणि तोवर शाळेचा ईमेल गेलेला असू शकतो. एपीचा स्कोअर एका कॉलेजला फुकट पाठवता येतो, पण कुठे ते 20 जूनपर्यंत सांगावं लागतं, त्यानंतर पैसे. फायनल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शेवटची गुणपत्रिका, कॉलेजला आपोआप जाईल असं समजू नका, काउन्सेलरला जाऊन विचारा की मला रिक्वेस्ट टाकायचीय का. तेव्हाच नर्सकडून लसींच्या नोंदीची कॉपी घ्या, कॉलेजला लागते. लायब्ररीची पुस्तकं, शाळेने दिलेला लॅपटॉप (क्रोमबुक) आणि त्याचा चार्जर, बँडचा युनिफॉर्म, काय असेल ते परत करा. कुठे कुठे दंड बाकी असेल तर डिप्लोमा, म्हणजे शाळेचं सर्टिफिकेट, अडकवतात. आणि हो, स्टेजवर जे हातात देतात ते बऱ्याचदा नुसतं कव्हर असतं, आत कागदच नसतो, तेव्हा उघडून बघून घाबरू नका.

लॉकर एकट्याने रिकामा करा, एवढं माझं ऐका. शेवटच्या दिवशी धक्काबुक्कीत सगळं कचऱ्याच्या पिंपात जातं. आदल्या आठवड्यात एखाद्या फ्री पिरियडला जा. माझ्या लॉकरच्या तळाशी नववीतला टाइमटेबल सापडला होता, घडीवर घडी घातलेला, प्रत्येक पिरियडपुढे मी बारीक अक्षरात मराठीत रस्ता लिहिला होता, "जिन्यावरून वर, डावीकडे, पाण्याच्या नळापाशी." तो मात्र ठेवलाय मी.

तुमचं नाव

मराठी पोरांसाठी हा वेगळा परिच्छेद. स्टेजवर तुमचं नाव आयुष्यात एकदाच वाचणार आणि ते चुकीचं वाचलं तर तो व्हिडिओ घरच्यांनी जन्मभर बघायचा. शाळा बहुतेक एक कार्ड देते, त्यावर उच्चार लिहायचा असतो. पोरं तिथे नावाचं तेच स्पेलिंग पुन्हा लिहितात, त्याचा काय उपयोग. नावाचे तुकडे पाडा, ज्या तुकड्यावर जोर येतो तो मोठ्या अक्षरात लिहा, आणि इंग्रजीतला एखादा ओळखीचा शब्द यमकाला जोडून द्या. अथर्व असेल तर त्यातला एच काढून टाका, नाहीतर तो "थिंक" मधला थ होऊन जातो. ज्ञानदा, क्षितिजा, ऋग्वेद, यांनी स्पेलिंगकडे बघूच नये, जसं ऐकू येतं तसं लिहावं. आडनावात ळ असेल तर हट्ट सोडा, ल वर समाधान माना.

कार्डावर थांबू नका, नावं कोण वाचणार ते विचारून त्या माणसाला तालमीच्या दिवशी गाठा आणि त्याच्या तोंडून दोनदा म्हणवून घ्या. लाजायचं काही कारण नाही, त्यालाही बरं वाटतं, शेकडो नावांची त्यालाच धास्ती असते. भाऊ गेल्या आठवड्यात जाऊन आला. म्हणाला, "ताई, त्याने मला तीन वेळा म्हणून दाखवलं आणि कार्डावर स्वतःसाठी खुणा केल्या."

आजीआजोबा भारतातून बघणार असतील तर शाळेचं लाइव्हस्ट्रीम आहे का विचारा, मोजकीच तिकिटं मिळतात तिथे बहुतेक असतं. वेळ आधीच हिशोब करून कळवा. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार, आणि पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा म्हणजे सकाळचे साडेसहा. तुमचा नंबर साधारण किती वाजता येईल तेही सांगा, नाहीतर आजी पूर्ण ए टू झेड बघत बसतात.

प्रत्यक्ष दिवस

याचं थोडक्यात. गाऊन पाकिटातून घडीसकट येतो, पॉलिएस्टर असतो, गरम इस्त्री लावली की चटकतो, अंघोळीच्या वाफेत टांगून ठेवा. त्याला खिसा नसतो, फोन कुठे ठेवणार ते बघा. केसांच्या पिना जास्त घ्या. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे, सांगतील तेव्हा डावीकडे. टोपीच्या आत नाव लिहा, कारण शेवटी सगळे ती हवेत फेकतात. ही पद्धत 1912 मध्ये ॲनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीत सुरू झाली असं सांगतात, तिथल्या पोरांना त्या वर्षी ऑफिसरच्या नव्या टोप्या मिळाल्या आणि जुन्या लागेनात म्हणून भिरकावल्या. त्यांच्या टोप्या मऊ तरी होत्या, आपलीला चार कोपरे आहेत, वर बघत उभे राहू नका.

घरच्यांशी भेटायची जागा आधी ठरवा, "गेटपाशी" असं नाही, कुठलं गेट, कुठला खांब. गर्दीत फोन लागत नाही. आणि फोटो संपल्यावर आईबाबांना दोन मिनिटं द्या. त्यांनीही चार वर्षं पहाटे उठून डबे भरलेत आणि न समजणारी पोर्टल्स उघडून मार्क बघितलेत, त्यांचाही निरोपच असतो तो, फक्त त्यांना गाऊन नसतो.

नंतर परत जाता येतं का

येतं, पण पूर्वीसारखं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रॅज्युएशननंतर तुम्ही बाहेरचे. बेल वाजवायची, फ्रंट ऑफिसात आयडी द्यायचा, छातीवर व्हिजिटरचा स्टिकर लावायचा, आणि जिला भेटायचंय त्या टीचरला आधी मेल केलेला असेल तरच आत सोडतात. वर्गात डोकावून येऊ असं काही नसतं. म्हणून सांगते आतली कामं आतले असताना करा.

मी कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत ऑक्टोबरमध्ये गेले होते, त्या इंग्रजीच्या टीचरला भेटायला, पत्र लिहून घेऊन. कळलं की ती उन्हाळ्यातच दुसऱ्या राज्यात गेली, तिच्या खोलीत आता गणित चालतं. पत्र परत बॅगेत टाकलं. काउंटरवर तीच बाई होती, लेट पासवाली, जिला मी जाताना बायसुद्धा म्हटलं नव्हतं. मी आयडी काढायला पर्स उघडतेय तोवर तिने पेन घेऊन स्टिकरवर माझं नाव लिहूनही टाकलं होतं, स्पेलिंगसकट बरोबर, आणि वर म्हणाली, "आज पण लेटच."